बाद फेरी की गटसाखळी: खुल्या बॅडमिंटन स्पर्धेच्या आयोजकांसाठी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे रोख बक्षिसांची खुली एकेरी स्पर्धा भरवताना आयोजक पहिला विचार एकूण रकमेचा करतात. ती किती खेळाडूंपर्यंत पोहोचणार, हा प्रश्न बहुधा पत्रके छापून झाल्यावर आठवतो. येथे ३२ खेळाडू, ४ कोर्ट आणि १ लाख रुपये गृहीत धरून दोन पर्याय ताडून पाहिले आहेत.

सरळ बाद फेरीत, म्हणजे हरला तो बाहेर या पद्धतीत, ३१ सामने होतात. सामन्याला ४० मिनिटे धरली, तर सहा तासांत, म्हणजे एका रविवारी, स्पर्धा आटोपते आणि सामन्याला ३ शटल आणि डब्यात १२ या हिशेबाने ८ डबे पुरतात. गटसाखळीत, म्हणजे चौघांचे ८ गट करून, गटात प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळवून प्रत्येक गटाचा विजेता उपांत्यपूर्व फेरीत नेला, तर सामने ५५ होतात, शटलचे १४ डबे लागतात आणि सभागृहाचे भाडे व पंचांचे मानधन दोन दिवसांचे होते. केवळ खर्चाकडे पाहिले, तर बाद फेरीच सरस ठरते.

मात्र किनवटहून रात्रभर प्रवास करून आलेला खेळाडू बाद फेरीत दोन गेम हरला, की अर्ध्या तासात मोकळा होतो, आणि ३२ पैकी १६ जणांची हीच गत आधीच ठरलेली असते. गटसाखळीत त्याला तीन सामने मिळतात. माझ्या मते आपल्या भागात, जिथे तुल्यबळ प्रतिस्पर्धी शोधायला जिल्हा ओलांडावा लागतो, तिथे या तीन सामन्यांचे मोल बक्षिसाहून कमी नाही.

रकमेच्या वाटपात जागतिक बॅडमिंटन महासंघाच्या जागतिक दौऱ्याचे अनुकरण करण्याचा मोह टाळावा. या दौऱ्यातील २०२३ च्या इंडोनेशिया ओपनमध्ये, जिथे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनी पुरुष दुहेरी जिंकली, एकूण रक्कम १२ लाख ५० हजार डॉलर होती. एकेरीच्या विजेत्याला ८७,५०० डॉलर, तर पहिल्याच फेरीत हरलेल्याला १,२५० डॉलर मिळाले. दौऱ्यातील त्याहून खालच्या, सुपर ३०० दर्जाच्या स्पर्धांत तर पहिल्या फेरीतील पराभूताच्या हाती काहीच पडत नाही. त्या धर्तीवर विजेत्याला ४० हजार, उपविजेत्याला २० हजार, उपांत्य फेरीतील पराभूतांना प्रत्येकी १० हजार आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघांना प्रत्येकी ५ हजार दिले, तर उरलेले २४ जण पदरमोड करून परततात. त्याऐवजी अनुक्रमे २४, १४, ८ आणि ४ हजार ठेवले, तर या २४ जणांना प्रत्येकी १,२५० रुपये देता येतात. निदान गाडीभाडे सुटते.

गटसाखळीत एक धोका आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुढचा प्रतिस्पर्धी सोपा मिळावा म्हणून गटसामन्यांत मुद्दाम हरू पाहणाऱ्या महिला दुहेरीच्या चार जोड्या बाद ठरवल्या गेल्या. गटातून फक्त विजेताच पुढे नेला आणि उपांत्यपूर्व फेरीच्या चिठ्ठ्या गटसामने संपल्यावर काढल्या, तर असा डाव खेळायला वाव राहत नाही.

दोन दिवस सभागृह मिळत असेल, तर गटसाखळीच निवडावी. एकच दिवस हाती असेल, तर बाद फेरी ठेवून पहिल्या फेरीतील १६ पराभूतांची स्वतंत्र बाद फेरी जोडावी. सामने ४६ होतात, शटलचे १२ डबे लागतात आणि सकाळी आठला सुरुवात केल्यास, मधली विश्रांती धरूनही, सायंकाळी सहाच्या आत दोन्ही अंतिम सामने संपतात.