एकोणीस तिकिटांचं पाकीट: कोरिया, काँगो, गाझा

आजोबांनी कोरियाहून पाठवलेली चार पत्रं आमच्या घरी आहेत. चारही पाकिटांचा उजवा कोपरा कापलेला. आत्यांनी लहानपणी तिकिटं कापून, पाण्यात भिजवून काढली आणि मैत्रिणींना वाटून टाकली. ते रिकामे कोपरे पाहवेनात, म्हणून एका जुन्या तिकिटांच्या व्यापाऱ्याकडून मी भारतीय शांतिसैनिकांच्या टपालासाठी निघालेल्या तिकिटांचं पाकीट मागवलं. कोरियाची १२, काँगोची ६ आणि गाझाचं १. टपालखर्च धरून ३,२०० रुपये पडले.

नुसत्या कोरियाच्या संचासाठीसुद्धा मी एवढे पैसे दिले असते. तिकिटं १९४९ पासूनची, रोजच्या वापरातलीच. त्यांच्यावर देवनागरीत छापा मारलाय: ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कटक म्हणजे सैन्य, आपल्या बखरींतला शब्द! ३ पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती आहे, ९ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती. गोठवणाऱ्या थंडीत तंबूत बसून आजोबांनी घरच्या पत्राला आपल्याच मुलखातली लेणी चिकटवली असतील, हे मला भिंग हातात घेतल्यावर कळलं.

२७ जुलै १९५३ ला कोरियन युद्धात शस्त्रसंधी झाली. मायदेशी परतायला तयार नसलेले २२ हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन कैदी सांभाळायचं काम भारतीय सैन्याकडे आलं. दक्षिण कोरियाचं सरकार आपल्या सैनिकांना त्यांच्या भूमीवर पाऊल ठेवू देईना, तेव्हा त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं. छावणीचं नाव हिंद नगर. प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरचे. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं, तेव्हा थोरात हत्यार न घेता आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. आजोबा तिथे गाडी चालवायचे. कैदी दगड मारायचे, पण आम्ही हात उचलायचा नाही असा हुकूम होता, एवढंच ते सांगत. त्यांचं बोलणं तिथेच थांबायचं.

काँगोची सहा तिकिटं दिसायला साधी. भारताचा नकाशा, त्यावर इंग्रजी छापा. ती १५ जानेवारी १९६२ ला निघाली. त्याच्या जेमतेम सव्वा महिना आधी, ५ डिसेंबर १९६१ ला, काँगोतल्या एलिझाबेथव्हिलजवळ (आजचं लुबुंबाशी) कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. सोबत सोळा गुरखे, समोर काँगोतून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताचे नव्वदच्या आसपास बंदूकधारी. वय २६. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. ही तिकिटं मी अल्बमच्या वेगळ्या पानावर ठेवली आहेत.

आता तक्रारी. गाझाचं म्हणून जे तिकीट आलं ते गाझाचं नव्हतंच. नेहरूंचं १५ पैशांचं तिकीट दोन्हीकडे तेच, पण यावर छापा ‘आयसीसी’, म्हणजे इंडोचायनातल्या (लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम) आंतरराष्ट्रीय आयोगाचा. गाझाच्या तिकिटावर ‘यूएनईएफ’, म्हणजे तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या आणीबाणी दलाचं नाव, असतं. दोन्ही १९६५ मध्येच निघाली, त्यामुळे गफलत होऊ शकते, पण विकणाऱ्याने ती करू नये. फोटो पाठवल्यावर आठ दिवसांत बदलून दिलं, पाठवणीचा खर्च मात्र माझ्याच माथी. कोरियाच्या दोन तिकिटांच्या पाठीवर जुन्या हिंजचे (अल्बममध्ये तिकीट चिकटवायच्या कागदी पट्टीचे) डाग आहेत, आणि ते जाहिरातीत लिहिलं नव्हतं. कडेचे दात सगळ्यांचे शाबूत, बांधणी चांगली, पुठ्ठ्याच्या दोन थरांत.

सोबतच्या कार्डावर ‘युद्धकालीन तिकिटं’ असं छापलंय, ते मला फार लागलं. ही माणसं कुठलं युद्ध जिंकायला गेली नव्हती. दुसऱ्यांचं भांडण पुन्हा पेटू नये म्हणून घरापासून हजारो मैलांवर उभी होती. व्यापाऱ्याला तसं कळवलंय.

घेणाऱ्यांनी गाझाच्या तिकिटाचा छापा आधी फोटोत नीट वाचावा आणि पाठीचा फोटोही मागवावा. लाओस, कंबोडिया, व्हिएतनामचे १९५४ चे संच या पाकिटात नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. थोरल्या आत्याला त्रिमूर्तीचं तिकीट दाखवलं. तिने ते लगेच ओळखलं.