बेळगावातलं जुन्या पुस्तकांचं दुकान आणि त्यातला 'चंद्र-बिंद्र' कप्पा

गेली सहा-सात वर्षं मी या दुकानात जातोय आणि दर वेळी वाटतं की यावर लिहायला पाहिजे, मग राहून जातं. आता पावसाळा तोंडावर आलाय. दुकान चालवणारे काका दर वर्षी पावसाळ्याआधी खालच्या फळ्यांवरची सगळी पुस्तकं वर चढवतात, त्या चार-पाच दिवसांत निम्मा माल बाहेर काढलेला असतो आणि नीट बघायला मिळतो, म्हणून आजच लिहितोय.

दुकानाला बोर्ड नाही. गणपत गल्लीतून खडेबाजाराकडं निघालात की एका बोळाच्या तोंडाशी वह्यांचं दुकान लागतं, त्याच्या बाजूच्या जिन्याखाली हे. पुढं सगळी शाळेची जुनी पुस्तकं, मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही मिडियमची, त्यामुळं जूनमध्ये आत शिरायला जागा नसते. आत गेल्यावर डाव्या हाताला कमरेच्या उंचीला एक कप्पा आहे, फळीवर खडूनं 'चंद्र-बिंद्र' लिहिलंय. मी इथं जे काही सांगणार आहे ते त्या एका कप्प्याबद्दल.

या कप्प्यात काकांनी जुन्या काळच्या अंतराळसफरीच्या गोष्टी ठेवल्यात आणि त्यातल्या त्यात हसवणाऱ्या. म्हणजे यानात बसून निघालेत आणि पोचेपर्यंत निम्मा गोंधळ आपसातच घालालेत, असल्या. साधारण साठ-सत्तर पुस्तकं असतील. निम्मी इंग्लिश, उरलेल्यात मराठी जास्त आणि थोडी कन्नड. किमती वीस रुपयांपासून, मोठं कॉमिक असेल तर दीडशेपर्यंत. आणि महिन्याच्या आत चांगल्या अवस्थेत परत आणून दिलं तर निम्मे पैसे परत, ही पद्धत मला सगळ्यात आवडते कारण घरात जागा नाही आणि वाचायचं तर भरपूर आहे.

मी पहिल्यांदा इथून नेलं ते ज्यूल व्हर्नच्या चंद्राच्या गोष्टीचं मराठी रूपांतर. कव्हर नव्हतं, पानं पिवळी. मूळ फ्रेंच गोष्ट दोन भागांत आहे, पहिला भाग १८६५ चा आणि दुसरा १८७० चा, म्हणजे विमानसुद्धा नव्हतं तेव्हाची. तरी रात्री जेवण झाल्यावर घेऊन बसलो ते दीड वाजला. अमेरिकेतलं युद्ध संपलंय, तोफा बनवणाऱ्यांच्या क्लबाला काही काम नाही, कुणाला हात नाही कुणाला पाय नाही, पण बसवत नाही म्हणून ते ठरवतात की चंद्रावरच तोफगोळा मारू. नऊशे फुटांची तोफ जमिनीत ओततात. मी उद्यमबागेत कामाला आहे, फौंड्री रोज बघतो, त्यामुळं ते ओतकामाचं वर्णन वाचताना अंगावर काटा आला, खरंच. मग एक फ्रेंच माणूस म्हणतो गोळा पोकळ करा, मी आत बसून जातो. आणि तिघं जातात. हा फ्रेंच माणूस गुपचूप कोंबड्या घेऊन आलेला असतो, चंद्रावर कोंबड्या पाळाव्यात म्हणून, आणि ऐन गंभीर चर्चेत आत कोंबडा आरवतो! नंतर ऑक्सिजनचा नळ जास्त उघडा राहतो आणि तिघं झिंगून नाचायला लागतात, कोंबड्यासुद्धा.

आता माझा मुद्दा. या गोष्टी टिकल्या त्या नुसत्या विनोदामुळं नाहीत. विनोद बराचसा खऱ्या हिशोबावर उभा आहे म्हणून टिकल्या. त्याच गोष्टीत त्यांचं एक कुत्रं मरतं, ते खिडकीतून बाहेर टाकतात, आणि थोड्या वेळानं बघतात तर ते कुत्रं गोळ्याच्या बाजूनंच चाललंय, मागं पडत नाही पुढं जात नाही. वाचताना आधी कसंतरी वाटतं, मग हसू येतं, मग लक्षात येतं की हे शंभर टक्के बरोबर आहे, गोळ्याचा जो वेग तोच कुत्र्याचा वेग आणि बाहेर हवा नाही म्हणजे त्याला मागं ओढणारं काही नाही. पाय ठेवायला स्पेस स्टेशन नसताना त्या माणसानं हे कागदावर बघितलं. फ्लोरिडातून उडणं, तिघंजण, परत येऊन पॅसिफिक समुद्रात पडणं, हे सगळं १९६९ ला अपोलो ११ च्या वेळी तसंच झालं. सगळंच बरोबर आहे असंही नाही. तोफेतून उडवलं तर आतल्या माणसांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटीच्या वर भार येईल, चटणीसुद्धा उरणार नाही, खाली पाण्याचा थर ठेवून तो धक्का सोसवत नाही. पण ती चूकसुद्धा वाचताना आपण हिशोब करायला बसतो, मी तर जॉब कार्डाच्या पाठीमागं केला.

तर त्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा गायब होता, सोळाच्या सोळा पानं. गोळा समुद्रात पडला आणि पुढं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर सरळ दुकानात गेलो, थोडा चिडलोही होतो. म्हटलं काका, शेवटच नाही की याला. काकांनी पुस्तक बघितलं, पूर्ण पैसे परत दिले, आणि स्टूल पुढं सारलं.

"बस. सांगतो."

आणि मग त्यांनी शेवट सांगितला. जसा सांगितला तसाच लिहितो. "सगळी जहाजं समुद्राच्या तळाला हुडकालीत. मैलोनमैल खोल दोऱ्या सोडालेत. रडालेत, मेले मेले म्हणून. मग त्यातला एक क्लबवाला एकदम वरडतोय, अरे गाढवांनो, आपुन पोकळ गोळा केलाय न्हवं! पोकळ डबा बुडतोय होय गा? वर तरंगत आसंल की! आणि जाऊन बघतात तर खरंच तरंगालाय, वर झेंडा. आणि आत हे तिघं काय करालेत सांग?"

मी म्हटलं, काय?

"डोमिनो खेळालेत!"

असं म्हणून काका इतके हसले की बाहेर पुस्तक घ्यायला आलेली दोन पोरं आत डोकावून बघायला लागली, आणि मग त्यांनाही पहिल्यापासून सांगावं लागलं. नंतर मी पूर्ण प्रत मिळवून वाचली, शेवट अगदी असाच आहे, पण काकांच्या तोंडून ऐकलेला जास्त लक्षात राहिला.

आपल्या भाषेत ही गोष्ट बऱ्याच आधीपासून आहे हेही मला काकांमुळं कळलं. १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात 'चंद्रलोकची सफर' नावानं ती क्रमशः यायची. आणि या मासिकाचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनला राहून ते चालवायचे. महाराष्ट्राच्या बाहेर राहून मराठीत चंद्राची गोष्ट सांगणारा माणूस, हे ऐकून बेळगावच्या माणसाला काय वाटेल ते मी वेगळं सांगत नाही. पुढं भा. रा. भागवतांनी व्हर्नची पुस्तकं पोरांना आवडतील अशा मराठीत आणली, त्यांची पुस्तकं या कप्प्यात आली की आठवड्यात जातात.

पोरांसाठी न्यायचं असेल तर टिनटिन या कॉमिकचे चंद्रावरचे दोन भाग सांगून ठेवा. इंग्लिश आहेत, पण माझा भाचा चौथीत असताना नुसती चित्रं बघून लोळून हसला. १९५३ आणि १९५४ चे आल्बम, म्हणजे माणूस चंद्रावर जायच्या पंधरा वर्षं आधीचे. यानाचं इंजिन चुकून बंद होतं आणि कॅप्टनच्या ग्लासातली व्हिस्की गोळा होऊन तरंगायला लागते, कॅप्टन तिच्या मागं. भाच्याला मी मोबाईलवर स्पेस स्टेशनमधला पाण्याच्या गोळ्याचा व्हिडिओ दाखवला, डिट्टो. त्यातले ते दोन सारखे दिसणारे डिटेक्टिव्ह रात्रीचं १:३४ हे दुपारचं समजून यानात तपास करत बसतात आणि तसेच चंद्रावर जातात, आणि मग दोन माणसं वाढली म्हणून ऑक्सिजन पुरेना होतो. म्हणजे जो विनोद आहे तोच पुढं संकट होतो. त्यात चंद्रावरच्या गुहेत बर्फ पण सापडतो, आणि आपल्या चांद्रयान १ मुळं तिथं पाण्याच्या खुणा आहेत हे २००९ ला जाहीर झालं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान ३ उतरलं तेव्हा दुकानात काकांच्या मोबाईलसमोर आम्ही आठ-दहा जण होतो, टाळ्या झाल्यावर भाचा म्हणाला आता गुहा हुडका म्हणावं.

मोठ्यांसाठी माझी पसंती पोलिश लेखक स्टानिस्लाव्ह लेमच्या अंतराळ डायऱ्या, मूळ १९५७ च्या, इथं इंग्लिश प्रत मिळते. एक माणूस एकटाच यानातून चाललाय, वाटाण्याएवढी उल्का लागून सुकाणू बिघडतं. दुरुस्तीला दोन माणसं लागतात, एकानं बोल्ट धरायचा दुसऱ्यानं नट आवळायचा. दुसरा माणूस नाही. मग यान वेळेच्या भोवऱ्यात सापडतं आणि उद्याचा तो आणि कालचा तो असे एकाच यानात जमा होतात, आता दोघं झाले म्हणजे काम व्हायला हवं की नाही? होत नाही, कारण ते भांडत बसतात. मी मशीनशॉपमधला माणूस, पलीकडून पाना धरायला कुणी नाही म्हणून अर्धा तास थांबलेलो आहे, मला ही गोष्ट माझ्या बेंचवर घडल्यासारखी वाटली. आमच्या हेल्परला दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता सांगितली, तो यल्लम्मा डोंगराच्या बाजूचा, घरी कन्नड बोलणारा, मी निम्मी मराठीत आणि निम्मी मोडक्या कन्नडमध्ये सांगितली तरी बरोब्बर जिथं हसायचं तिथं हसला.

आताचे अंतराळाचे सिनेमे मी बघतो, भारी असतात, पण त्यात सगळे सारखे रडत असतात नाहीतर मरत असतात. या जुन्या गोष्टीतला माणूस चंद्रावर जातानाही घरची सवय सोडत नाही, जेवण वेळेवर पाहिजे, खिडकीची जागा मला पाहिजे. पु. ल. देशपांडे बेळगावात कॉलेजला शिकवायला होते, त्यांनी इथले रावसाहेब लिहून ठेवले, तसा एखादा माणूस यानात बसला आणि सुटायला पाच मिनिटं उशीर झाला तर काय काय बोलेल हे मी कितीदा डोक्यात घोळवलंय. मराठीत अंतराळाच्या गंभीर गोष्टी चांगल्या आहेत, नारळीकरांचा तर काकांनी वेगळा कप्पाच केलाय, पण पोट धरून हसवणाऱ्या फार कमी, आणि ही कमी मला मनापासून टोचते. कुणी लिहीत असेल तर लिहा हो.

आता दुकानाच्या अडचणी. ओल. इथला पाऊस माहीतच आहे, जुलै-ऑगस्टमध्ये पुस्तकांना वास येतो, काका डांबराच्या गोळ्या आणि कडुलिंबाचा पाला ठेवतात पण जिन्याखालची भिंत पाझरते. नेताना पानं मोजून घ्या, माझ्यासारखं होऊ शकतं, अर्थात परत केलं तर पैसे मिळतात. यादी नाही, सगळं काकांच्या डोक्यात. दुपारी दीड ते साडेचार बंद. गाडी लावायला जागा अजिबात नाही, लांब लावून चालत या. उजेड कमी आहे, मोबाईलचा टॉर्च लागतोच. ज्यांना कोरी पुस्तकं आवडतात त्यांना इथं करमणार नाही.

बाकी काका कधी घाई करत नाहीत. उभ्यानं वाचत राहिलात तरी पंधरा मिनिटांनी म्हणतात "बसून वाच की, पाय दुखालेत तुझे", आणि खरंच स्टूल देतात. खानापूर, निपाणीकडनं येणारे असाल तर शनिवारी संध्याकाळी या, नवीन माल बहुतेक शुक्रवारी येतो. पाचपैकी साडेचार. अर्धा ओलीसाठी कापला.

आणि लेमची दुसरी प्रत परवाच आलीये, निळ्या कव्हरची. ती मी हेल्परच्या पोरीसाठी सांगून ठेवलीये, ती आता कॉलेजला गेली, तेवढी सोडा.