कपाटात दांडी जास्त की कप्पे?

गंगापूर रोडला भाचीच्या नव्या फ्लॅटमध्ये कपाट बनतंय आणि सुतार अडून बसलाय: दांडी किती, कप्पे किती?

जागेचं आधी. हँगर साधारण दीड फूट रुंद, म्हणजे कपाट आतून जवळपास दोन फूट खोल हवं. कप्प्यांना सव्वा फूट पुरतं. लहान बेडरूममध्ये हा फरक जाणवतो.

मेहनत दांडीवर कमी. इस्त्रीचा शर्ट अडकवला की झालं. कप्प्यातला खालचा ओढला की अख्खी चळत कोसळते.

टिकण्याचा मुद्दा मात्र अवघड. स्वेटर हँगरवर खांद्यातून लोंबतात, त्यांची घडीच बरी (आणि नाशिकच्या थंडीत ते लागतातच). येवल्याची पैठणी टांगली तर जरीच्या वजनाने ताणते, आणि वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर तिथेच चिरते. म्हणून सुती कापडात गुंडाळून कप्प्यात ठेवावी, तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. पावसाळी दमटपणात मात्र दांडीवर हवा खेळते. तिथे कप्पे हरतात.

रोज इस्त्रीचे कपडे घालून ऑफिस गाठणाऱ्यांनी दांडी वाढवावी. साड्या, लोकरी आणि लहान मुलांचे कपडे जास्त असतील, तर सरळ कप्पे.