सहापैकी गुण की घटकागणिक गुण?

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवायची स्पर्धा असते. परीक्षक दहापैकी एकच आकडा लिहितात. गेल्या वर्षी एका पोरीने विचारलं, "काका, मले सहाच काऊन?" हातात झुलीची निसटलेली झालर धरून ती उभी होती. उत्तर कोणापाशीच नव्हतं.

बर्फावर घसरत उड्या आणि गिरक्या घ्यायच्या फिगर स्केटिंग या खेळातही पूर्वी असंच होतं. परीक्षक सहापैकी दोन आकडे द्यायचे, एक तांत्रिक बाजूचा, एक सादरीकरणाचा. त्यावरून क्रमांक लागायचे. समजायला सोपं, पण नेमकं कुठे चुकलं ते कळत नसे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकाराच्या निकालावरून वाद पेटला आणि शेवटी रशियाच्या जोडीसोबत कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावं लागलं.

२००४ पासून आलेल्या पद्धतीत काम वाटून दिलं आहे. उडी कोणती, हवेतले फेरे पूर्ण झाले का, हे तांत्रिक मंडळ रिप्ले पाहून ठरवतं. उडीची मूळ किंमत आधीच ठरलेली असते. परीक्षक ती किती छान जमली ते उणे ५ ते अधिक ५ मध्ये सांगतात. मोठ्या स्पर्धांत ते नऊ असतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. सादरीकरणाचे गुण वेगळे.

ही पद्धत किचकट आहे, माणसंही जास्त लागतात. तरी मला हीच पटते. खेळाडूला प्रत्येक उडीचा हिशोब कागदावर मिळतो. यंदा आमच्या तक्त्यातही झूल, शिंगं आणि पोरांचा वेश असे तीन रकाने आखले आहेत.