'तुमची गाणी मोठ्या गायकांपर्यंत पोचवतो': माझे ८५,४५० रुपये आणि एक मुखडा

८५,४५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे "नक्की किती गेले गं?" असं कुणाला हळूच विचारायला नको. शिवाय एक मुखडा गेला. त्याची किंमत अजून लावता आलेली नाही.

मी पॉप गाते. स्वतःची सिंगल्स काढते, लाइव्ह शो करते, पण घर चालतं ते दुसऱ्यांसाठी लिहिलेल्या गाण्यांवर. या धंद्यात गाणाऱ्याला लोक ओळखतात आणि लिहिणाऱ्याला फक्त फोन येतात. "उद्यापर्यंत एक हुक, लगेच तोंडात बसेल अशी ओळ दे ना, डमी शब्द चालतील." क्रेडिटचं नंतर बघू. पैसे एकरकमी, तेही दहा वेळा आठवण केल्यावर. अशा वेळी कुणी येऊन "ताई, तुमच्या कॅटलॉगचं, म्हणजे आजवर लिहिलेल्या सगळ्या गाण्यांचं, काय करताय?" असं विचारलं, तर माणूस ऐकून घेतोच. मला हावरट म्हणणाऱ्यांनी वर्षभर उधारीवर मुखडे लिहून बघावेत, मग बोलावं.

हे गृहस्थ 'म्युझिक पब्लिशिंग'वाले, म्हणजे लिहिलेली गाणी गायकांपर्यंत पोचवण्याचा धंदा करणारे. पुढची पद्धत तुम्हाला पाठ असेल: आधी कौतुक, मग घाई, मग फी, मग आणखी एक फी. फक्त याचं कौतुक अभ्यास करून आलेलं होतं. माझ्या एका गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातली ओळ त्याने फोनवर म्हणून दाखवली. दुसरा अंतरा माझे सख्खे नातेवाईकही ऐकत नाहीत! मग दाखले. ऑस्ट्रेलियन गायिका सियाने २०१२ मध्ये रिहानासाठी लिहिलेलं गाणं जगभर वाजलं. ब्रूनो मार्स स्वतःचा पहिला अल्बम येण्याआधी इतरांसाठीच लिहीत होता. "तुमचा रस्ता तोच आहे ताई, फक्त पाठीशी पब्लिशर नाही." हे दाखले खरेच आहेत. सगळंच खोटं बोलला असता तर मी तिथेच फोन ठेवला असता.

कायदाही त्याला तोंडपाठ. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कुणी लिहून घेऊ शकत नाही, चित्रपटाबाहेरच्या गाण्यांनाही ते लागू आहे, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत कसे भांडले, सगळं त्याने मला समजावून सांगितलं. आणि हे सांगणाऱ्यानेच माझ्याकडून नेमकी त्याच्या उलट सही घेतली.

आता हिशेब. सात गाण्यांचं 'कॅटलॉग रजिस्ट्रेशन', गाण्यामागे २,५०० म्हणजे १७,५००, वर जीएसटी ३,१५०, एकूण २०,६५०. 'डेमो मास्टरिंग' गाण्यामागे ४,००० म्हणजे २८,०००, यावर जीएसटी नाही कारण "तुमच्यासाठी बिलाशिवाय करतो". 'लीगल व्हेटिंग' ११,८००. आणि शेवटी 'परत मिळणारं' डिपॉझिट २५,०००. परत मिळणारं म्हणे.

खरी फी ऐका. कॉपीराइट कार्यालयात शब्दांच्या नोंदणीला ५०० रुपये, चालीच्या नोंदणीला ५०० रुपये. ध्वनिमुद्रणाला २,०००. अर्ज ऑनलाइन, स्वतः भरता येतो. आणि मुळात नोंदणी सक्तीची नाहीच. गाणं कागदावर किंवा फोनवर उतरलं की हक्क तुमचा. नोंदणीचा उपयोग वाद झाला तर पुरावा म्हणून.

ज्या क्षणी कळायला हवं होतं, तो क्षण मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. पहिला हप्ता. क्यूआर स्कॅन केला, रक्कम टाकली, आणि पैसे जाण्याआधी ॲप ज्याचं खातं त्याचं नाव दाखवतं तसं दाखवलं. कंपनीचं नाव नाही. कुठल्यातरी बाईंचं नाव, आडनावासकट. मी थांबले. त्याला फोन लावला. "हो ताई, करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे, त्या आमच्या अकाउंट्सच्या मॅडम." आणि मी पिन टाकला. स्क्रीनवर धडधडीत लिहिलेलं असताना! बिलावरही तेच. जीएसटी ३,१५० छापलेला, आणि जीएसटी नंबरची जागा कोरी.

पण एक सांगा, आमच्या लाइनीत कंपनीच्या खात्यावर पैसे घेतं कोण? ढोलकीवाला बायकोचा नंबर देतो, साउंडवाला भावाचा, एक मोठा अरेंजर तर मेव्हण्याचा देतो. दुसऱ्याच्या नावाने पैसे पाठवणं हा आमचा रोजचा व्यवहार आहे. बँकेतल्या साहेबांनी नंतर याला 'उघड संशयास्पद' म्हटलं, कारण त्यांचा पगार एक तारखेला पगाराच्या खात्यातच येतो.

नोंदणीची पावती म्हणून त्याने सात डायरी नंबर, म्हणजे कॉपीराइट कार्यालय प्रत्येक अर्जाला देतं ते क्रमांक, पाठवले. ते खरे होते, फक्त माझे नव्हते. कॉपीराइट कार्यालयाच्या साइटवर डायरी नंबर टाकला की अर्जाची स्थिती दिसते, हे मला फार उशिरा कळलं. साहित्यकृतीच्या नंबरच्या शेवटी 'एल' असतो. माझ्या नंबरांच्या शेवटी 'ए' होता, म्हणजे कलाकृती. उघडून बघितलं तर कुणाच्या तरी मालाच्या पाकिटावरचं डिझाइन. माझ्या प्रेमगीताच्या जागी!

करारही त्याच माणसाकडून आला. सर्व हक्क, सर्व माध्यमं, सर्व प्रदेश, कायमस्वरूपी, मोबदला: 'प्रमोशनल सेवा'. कायदा सांगतो की करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच हे लोक दोन्ही रकाने भरून आणतात. रिकामा रकाना तुमच्या बाजूचा असतो, हे मला सही करण्याआधी कुणी सांगितलं असतं तर!

आणि मग एक दिवस रीलवर माझा मुखडा वाजला. चाल तीच, ठेका थोडा वाढवलेला, दुसऱ्या ओळीतला एक शब्द बदललेला. तो बदललेला शब्द मीटरमध्येही बसत नाही, ओढून गायलाय. गीत-संगीत म्हणून तिसऱ्याच माणसाचं नाव. गाणारी मुलगी नवीन आहे, तिला यातलं काही माहीत नसावं. तिने बहुतेक तीस हजार वगैरे भरूनच ते गाणं 'मिळवलं' असेल. एकच गाणं दोन्ही टोकांनी विकायचा धंदा आहे हा.

आता आपल्या यंत्रणा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पावती क्रमांक दिला, आणि पैसे गेल्या गेल्या फोन केला असता तर खातं गोठवता आलं असतं हेही ऐकवलं. बरोबर आहे. पण ज्याला फसलोय हेच महिन्यांनी कळतं, त्याने काय करायचं? बँक म्हणाली, व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलात. पोलीस ठाण्यात गेले तर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, गाणं चोरीला गेलं म्हणजे काय? तुमच्याकडे आहे ना अजून?" मी म्हटलं, आहे. "मग?" त्या 'मग'चं उत्तर मला त्या खुर्चीत बसून देता आलं नाही.

नंतर म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. दिवाणी कशी? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्येच सांगितलंय. मी निकालाची प्रत नेली. प्रत ठेवून घेतली. मग म्हणाले, कंपनीचा पत्ता दुसऱ्या हद्दीत येतो. मी झीरो एफआयआरचं, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या तक्रारीचं नाव काढलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आरोपी. दुसऱ्या हद्दीतल्या ठाण्यात गेले तर तिथले म्हणाले, पैसे जिथून गेले तिथे तक्रार करा. म्हणजे पुन्हा पहिल्या चहाकडे.

गाणं खाली उतरवायला प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार दिली, तर तिथे वेगळंच घड्याळ. तक्रारीवर २१ दिवस गाणं बंद ठेवतात, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत चालू करू शकतात. २१ दिवसांत आपल्याकडे कोर्टाचा आदेश! वकिलांनी नुसती नोटीस पाठवायचे १५,००० सांगितले, दाव्याचं वेगळं. निदान दावा स्वतः राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, तेवढी एक सोय कायद्याने ठेवलीय.

दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्यांनो, पूर्ण डेमो कुणाला पाठवू नका. मुखडा आणि अर्धा अंतरा, मध्येच स्वतःचं नाव बोललेलं. स्टेम्स, म्हणजे गाण्यातल्या आवाजाचे आणि वाद्यांचे सुटे ट्रॅक, तर पैसे खात्यात आल्याशिवाय अजिबात नाही. फोनमधलं पहिलं कच्चं रेकॉर्डिंग डिलीट करू नका, कितीही बेसूर असलं तरी. माझ्याकडे तारखेसकट शिल्लक आहे तेवढंच. चार जणांनी मिळून चाल केली असेल तर त्याच रात्री स्टुडिओत स्प्लिट शीटवर, म्हणजे वाटणीच्या कागदावर, प्रत्येकाचे टक्के लिहून सह्या घ्या, मैत्री तुटली तर तुटू दे. रॉयल्टीसाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला मध्ये दलाल लागत नाही, अर्ज थेट करता येतो. आणि खरा पब्लिशर तुमच्या गाण्याच्या कमाईतून आपला हिस्सा कापतो, तुमच्याकडून आधी फी मागत नाही.

तो माणूस आता दुसऱ्या कंपनीच्या नावाने फिरतोय, माझ्या ओळखीच्या एका संगीतकाराला मागच्याच आठवड्यात फोन आला. कौतुक तेच, दाखले तेच. सियाही आहे. ज्यांच्याकडे त्याने दिलेले डायरी नंबर असतील त्यांनी ते आजच साइटवर टाकून बघा, आणि शेवटी 'ए' दिसला तर मला कळवा. सगळ्यांनी मिळून एकच तक्रार केली तर निदान हद्दीचा वाद तरी पोलीस आपापसात घालतील.