स्टार वॉर्सची उपाख्याने: एका वाक्यातून उभे राहिलेले चोवीस भाग

१९७७ साली जॉर्ज लुकास यांचा पहिला ‘स्टार वॉर्स’ चित्रपट सुरू होतो, तेव्हा काळ्या आकाशात वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या अक्षरांमध्ये एक वाक्य येऊन जाते. बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या सर्वात भयंकर शस्त्राचे, म्हणजे डेथ स्टारचे, गुप्त आराखडे पळवले आहेत, एवढेच ते वाक्य सांगते. ते हेर कोण होते, त्यांच्या घरी कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी मूळ कथेने कधीच केली नाही. त्या एका वाक्यावर २०१६ साली ‘रोग वन’ हा चित्रपट निघाला आणि त्या चित्रपटातील कॅसियन अँडोर या हेराच्या आयुष्यावर २०२२ आणि २०२५ साली प्रत्येकी बारा भागांची ‘अँडोर’ ही मालिका आली. गेली अनेक वर्षे मी या विश्वाच्या शाखा-उपशाखा नेमाने पाहत आलो आहे आणि त्या सर्वांमध्ये ‘अँडोर’ला मी निःसंकोचपणे पहिले स्थान देतो.

आपल्याकडे मुख्य कथेच्या अंगाने फुटणाऱ्या कथेला ‘उपाख्यान’ असा नेमका शब्द आहे. महाभारताच्या वनपर्वात नल-दमयंतीची आणि सावित्रीची कथा येते. कौरव-पांडवांच्या युद्धाशी त्यांचा थेट संबंध नसला तरी त्या ऐकताना आपण मूळ गोष्ट विसरून त्यांच्यात गुंततो, कारण त्या स्वतःच्या पायावर उभ्या असतात. स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ कथेतून फुटून निघालेला चित्रपट किंवा मालिका, पाहताना मी हीच कसोटी लावतो. ज्याने मूळ चित्रपट पाहिलेलाच नाही, अशा माणसालाही ती कथा धरून ठेवते का? ‘अँडोर’च्या बाबतीत मला ही परीक्षा घरातच घेता आली. आम्ही भुसावळचे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, रेल्वेत फिटर म्हणून निवृत्त झाले. स्टार वॉर्समधले जेडाय योद्धे आणि त्यांच्या लाइटसेबर नावाच्या प्रकाशाच्या तलवारी यांच्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मी पहिला सीझन दुसऱ्यांदा पाहत असताना ते सहज येऊन बसले आणि नंतर रोज संध्याकाळी स्वतःहून विचारू लागले.

त्यांना धरून ठेवले ते फेरिक्स या गावाने. फेरिक्स ही मोडीत निघालेल्या यानांचे सुटे भाग काढणाऱ्या कामगारांची वस्ती आहे. तिथे एका मनोऱ्यावर चढून एक माणूस दोन्ही हातांतल्या हातोड्यांनी ऐरणीवर ठोके घालतो आणि त्या ठोक्यांवर गावाचा दिवस सुरू होतो व मावळतो. कामगारांचे हातमोजे एका लांबच लांब भिंतीवर ओळीने टांगलेले असतात. प्रत्येक जण येताना आपला जोड उतरवून घेतो आणि परतताना त्याच जागी टांगतो. ज्या घरांनी वर्षानुवर्षे रेल्वेच्या भोंग्यावर स्वयंपाक उरकला आणि डबे भरले, त्या घरांतल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. अण्णा बराच वेळ त्या भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हे लोक आमच्यासारखेच आहेत रे.” अंतराळातल्या कथेबद्दल मी आजवर ऐकलेली ही सर्वात मोठी पावती आहे.

याच गावात माणूस गेला की त्याच्या राखेची वीट पाडतात आणि ती वीट गावाच्या भिंतीत बसवतात. पहिल्या सीझनच्या अखेरच्या भागात नायकाची मानलेली आई मार्वा हिची अंत्ययात्रा निघते. वाजंत्री पुढे, माणसे मागे आणि मार्वाची वीट हातात. तिने मरण्यापूर्वी ध्वनिचित्रित करून ठेवलेले भाषण चौकात घुमू लागते, सैनिक ते बंद पाडू पाहतात आणि गाव उठते. त्या गर्दीत ब्रासो नावाचा तिचा शेजारी तीच वीट उचलून सैनिकाच्या डोक्यावर हाणतो. लेखकाने वीट, वाद्ये, मनोरा आणि हातोडे आधीच्या भागांतून किंवा त्याच यात्रेतून शांतपणे मांडून ठेवले होते, त्यामुळे उठावाचा क्षण आला तेव्हा एकही गोष्ट आयत्या वेळी आणल्यासारखी वाटत नाही. मालिकेचे कर्ते टोनी गिलरॉय यांची ही बांधणी मला फार मोलाची वाटते.

आल्धानीच्या लुटीविषयी खान्देशातल्या प्रेक्षकाशी बोलताना मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मालिकेत बंडखोरांची एक लहानशी तुकडी साम्राज्याच्या तळावरून पगाराची आठ कोटी क्रेडिट्सची रोकड पळवते. ते भाग पाहताना मला १९४४ सालचे चिमठाणे आठवत होते. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी चिमठाण्याजवळ लुटला होता आणि ती रक्कम सुमारे साडेपाच लाख रुपयांची होती. शाळेत असताना मला त्या प्रसंगाचे केवळ धाडस दिसले होते. चळवळीलाही पैसा लागतो, तो कुठून तरी आणावा लागतो, त्यासाठी नेमलेली माणसे एकमेकांना पुरती ओळखतही नसतात आणि लुटीनंतर आसपासच्या लोकांवर सरकारचा वरवंटा फिरतो, ही बाजू ‘अँडोर’ने माझ्यापुढे ठेवली. आल्धानीनंतर साम्राज्य कायदे आवळते आणि शिक्षा वाढवते. ल्यूथन रेल, जो हे सर्व पडद्याआडून घडवतो, त्याला नेमके तेच हवे असते, कारण लोक सुखाने निजले तर बंड होणार नाही असे त्याचे गणित आहे. स्टेलन स्कार्सगार्ड यांनी हा माणूस इतक्या जिवंतपणे उभा केला आहे की त्याचे म्हणणे पटते आणि त्याच वेळी त्याची भीतीही वाटते.

नार्किना-५ या तुरुंगाचे तीन भाग तर वेगळे काढून कोणालाही दाखवावेत. तिथे कैदी अनवाणी असतात, कारण फरशीतून विजेचा झटका दिला जातो. एका मेजावर सात माणसे, एका दालनात सात मेजे, बारा तासांची पाळी. सर्वात मागे राहिलेल्या मेजाला झटका बसतो आणि पुढे असलेल्यांना जेवणात थोडी चव मिळते. पहारेकरी फारच थोडे दिसतात, कारण कैदीच एकमेकांना हाकत असतात. दालनाचा मुकादम किनो लॉय हा स्वतःही कैदी असून सुटकेचे दिवस मोजत असतो. इथून कोणीच सुटत नाही हे त्याला कळते, त्या क्षणी अँडी सर्किस यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. सगळ्यांना पाण्यापर्यंत आणून सोडल्यावर तो स्वतः काठावर थांबतो, कारण त्याला पोहता येत नाही. पुढे त्याचे काय झाले हे मालिका सांगत नाही आणि तिने ते कधीच सांगू नये असे मला वाटते. उद्या कोणी किनो लॉयवर स्वतंत्र मालिका काढायची म्हटली तर मी तिला मनापासून विरोध करीन.

दुसऱ्या सीझनबद्दल माझी तक्रार आहे. मूळ बेत पाच सीझनचा होता, तो दोनवर आला. त्यामुळे दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांत एक वर्ष ओलांडले जाते. या उड्यांमध्ये बरेच काही हरवले आहे. आल्धानीच्या तुकडीतल्या सिंटा आणि व्हेल यांचे नाते मधल्या काळात तुटून पुन्हा जुळू लागलेले आपल्याला दिसते आणि ते नीट लक्षात येईपर्यंत सिंटा एका चुकीच्या गोळीने मरूनही जाते. फेरिक्सवरची नायकाची मैत्रीण बिक्स हिच्या वाट्याला आलेल्या यातना आणि तिचे सावरणे यांनाही आणखी जागा हवी होती. असे असूनही घोरमनचे भाग या मालिकेच्या शिखरावर आहेत. तलम वस्त्रांसाठी नावाजलेला हा ग्रह साम्राज्याला त्याच्या पोटातल्या खनिजासाठी हवा असतो. म्हणून आधी तिथल्या लोकांना उद्दाम ठरवणाऱ्या बातम्या पसरवल्या जातात, मग त्यांच्यातल्या बंडखोरांना मुद्दाम मोकळीक दिली जाते आणि शेवटी चौकात जमलेल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार होतो. १९४२ च्या सप्टेंबरमध्ये नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ज्या तऱ्हेने पडले, ते ऐकत वाढलेल्या माणसाला हा भाग पाहताना खुर्चीत नुसते बसून राहणे अवघड जाते. त्यानंतर सिनेटर मॉन मॉथमा सभागृहात उभी राहून या हत्याकांडाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते. त्या भागाच्या लेखनाला २०२५ चे एमी पारितोषिक मिळाले आणि ते सार्थ होते.

‘रोग वन’ मी याआधी दोनदा पाहिला होता, परंतु ‘अँडोर’नंतर तो वेगळाच वाटला. गॅरेथ एडवर्ड्स यांच्या या चित्रपटाने मूळ कथेतली एक जुनी शंका फेडली आहे. एवढे प्रचंड शस्त्र एका लहानशा छिद्रातून कसे नष्ट होते, याची चाहते वर्षानुवर्षे थट्टा करत आले होते. ते छिद्र कैदेतल्या एका शास्त्रज्ञाने, गेलन अर्सोने, जाणूनबुजून ठेवले होते, असे या चित्रपटाने सांगितले आणि थट्टेचा विषय एका बापाच्या सूडाचा विषय झाला. १९७७ च्या चित्रपटात साम्राज्याचा अधिकारी टार्किन साकारणारे पीटर कुशिंग १९९४ साली निवर्तले होते, तरी त्यांचा चेहरा संगणकाने घडवून त्याच भूमिकेत आणला गेला. तो मला आजही खटकतो. दुसरा नट घेतला असता तर कोणाचे काही बिघडले नसते.

बाकीच्या शाखांबद्दल थोडक्यात. २०१९ साली आलेल्या, एका इनामी शिकाऱ्याची कथा सांगणाऱ्या ‘द मँडलोरियन’चे पहिले दोन सीझन साधे, नेटके आणि घरातल्या लहानांसोबत पाहण्याजोगे आहेत. मूळ चित्रपटांतल्या बोबा फेट या इनामी शिकाऱ्यावरची ‘द बुक ऑफ बोबा फेट’ सात भागांची असून तिच्या पाचव्या भागात बोबा फेट एकदाही दिसत नाही, कारण तो भाग पुरता मँडलोरियनला दिलेला आहे. ज्याच्या नावाची पाटी लावली त्यालाच घराबाहेर ठेवण्याचा हा प्रकार आहे. वाळवंटातल्या टस्कन टोळीत बोबा राहतो ते सुरुवातीचे प्रसंग इतके चांगले होते की पुढचे पाहून हळहळ वाटते. ‘ओबी-वान केनोबी’मध्ये इवान मॅकग्रेगर यांना पुन्हा पाहण्याचा आनंद मोठा आहे, परंतु जेडाय केनोबी, खलनायक व्हेडर आणि लहानगी राजकन्या लेया हे तिघेही १९७७ च्या चित्रपटात असल्याने त्यांच्यापैकी कोणीच मरणार नाही हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे प्रत्येक पाठलाग पोकळ होतो. ‘अँडोर’चा नायकही मरणार हे ‘रोग वन’मुळे आपल्याला ठाऊक असते. तिथे मात्र त्याच्या भोवतीच्या साऱ्या माणसांचे काय होणार हे ठाऊक नसते आणि गिलरॉय यांनी तीच जागा वापरली.

‘स्टार वॉर्स: व्हिजन्स’ या ॲनिमेशन लघुपटांच्या मालिकेच्या २०२३ च्या संचात भारतातल्या ८८ पिक्चर्स या स्टुडिओने केलेला ‘द बँडिट्स ऑफ गोलाक’ हा लघुपट आहे आणि तो चुकवू नये. एक भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आगगाडीने पळतो आणि दोघे एका ढाब्यावर आसरा घेतात. आगगाडीचा डबा, ढाब्यावरची गर्दी, कपड्यांचे रंग हे सगळे आपल्या अंगणातले आहे आणि तरीही ते निखळ स्टार वॉर्स आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘अँडोर’चे पहिले तीन भाग सलग पाहावेत, कारण त्यांची गती मंद आहे आणि एकच भाग पाहून थांबल्यास पुढे जाण्याची इच्छा होणार नाही. चोवीस भाग संपले की मध्ये दुसरे काही न पाहता ‘रोग वन’ लावावा आणि तो संपल्यावर लगेच १९७७ चा चित्रपट. आम्ही तसेच केले. पिवळी अक्षरे वर सरकू लागली तेव्हा अण्णांनी मला ते हेरांचे वाक्य थांबवून मराठीत सांगायला लावले आणि मी सांगून झाल्यावर विचारले, “एवढंच लिहिलंय त्यांच्याबद्दल?”