डेक्कनचा स्पॅनिश कथांचा रविवारचा क्लास: नक्की करा

चार रविवार मॅडमच्या घरी बसून आजकालच्या स्पॅनिश कथा वाचल्या, जाम आवडलं. २००८ च्या मंदीनंतर हप्ते थकले म्हणून तिकडे लोकांना घराबाहेर काढलं, मे २०११ मधे माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात तरुण पोरं निषेध म्हणून तंबू ठोकून बसली, ते सगळं या कथांमधे येतं पण भाषणासारखं नाही, स्वयंपाकघरातून येतं. 'देसाऊथियो' म्हणजे घर खाली करायला लावणं, या एका शब्दावर मॅडम अर्धा तास बोलल्या आणि मला आमच्या वाड्यातल्या आजी आठवल्या, नोटीस आली त्या दिवशी पितळी डबे पुसत बसलेल्या. झेरॉक्स फार पुसट होत्या, ते सुधारा प्लीज. स्पॅनिश थोडंफार वाचता येत असेल तरच जा.